व इतर चार

नगरपरिषदेचं पत्र आलं.
शेवरे बंदराला नगरपालिका होऊन शंभर वर्षं झाली,
स्मरणिका काढायची आहे,
'आपल्या गावची नामवंत माणसं', आठ पानं, फोटोंसह.
जाहिरातींना बत्तीस ठेवलीत.
तुमच्या छापखान्यातून सगळं गाव गेलेलं, पेडणेकर,
यादी तुम्हीच करा.

गेलं खरं. पण उलटं गेलं.
आरशात वाचतात तसं मी गाव वाचलं, खिळा खिळा.
लग्नपत्रिका, तेराव्याची कार्डं, लिलावाच्या नोटिसा,
कौलांच्या कारखान्याची पावतीबुकं.
रावसाहेब तिरोडकर वारले तेव्हा काळी चौकट अपुरी पडली,
मग हेदुळकरांच्या पत्रिकेतली वेलबुट्टी लावून भागवलं.
त्यांचा रस्ता अजून आहे, जेट्टीपासून मच्छी मार्केटापर्यंत.
रावसाहेबांनी काय केलं विचारलं,
तर लोक सांगतात, रस्ता.

एलोजी पेझारकर कचेरीच्या घड्याळाला चावी द्यायचा.
शनिवारी ते बंद पडलं
तर रविवार उजाडेपर्यंत गावात कुणाला उशीर होत नसे.
तो इस्रायलला गेला, चावी मामलेदाराकडे देऊन.
मामलेदाराची बदली झाली.
घड्याळात अजून चार वाजून दहा मिनिटं.

हे सगळं बसतं आठ पानांत.
बोट अडतं ते एका पिवळ्या कागदावर,
बाबांनी जुळवलेल्या.
दर्या बंद होण्याआधीची शेवटची आगबोट,
माणसं उतरवून आणताना
खाडीच्या तोंडाशी पडाव उलटला.
हसनमियां होडेकर, तांडेल.
विष्णू खानोलीकर, मॅट्रिक देऊन परतताना.
नवे तारमास्तर, गावात अजून पाऊलही न ठेवलेले.
राधाबाई व तिचं तान्हं.
व इतर चार.

नावं ठाऊक नव्हती का, मी विचारलं होतं.
बाबा हात रॉकेलने पुसत होते.
होती रे. पण ळ संपले होते,
आणि टपाल निघायचं होतं.

मंजुळा कोळंबकर, सुक्या बांगड्याची पाटी घेऊन.
एका नावाला दोन ळ.
ती सापडायला मला सहा वर्षं लागली.
केळूसकरांचा गडी गोंद्या,
आडनाव त्यांच्या वहीतही नाही, नुसतं 'गोंद्या, उचल अडीच रुपये'.
पडावातलं पाणी उपसणारा बाळू, वय नऊ की दहा.

चौथीला मी पडावात शोधत होतो.
ती पडावात नव्हतीच.
होडेकरांच्या नातवाने परवा सांगितलं, जाळं विणता विणता,
मान वर न करता:
आजी म्हणायची, जेट्टीवर चहा विकणारी एक बाई होती,
ओरडा ऐकला, चुलीवरचं आधण तसंच ठेवून
पाण्यात गेली. दोघांना काठाला लावलं.
तिसऱ्यांदा गेली.

नाव?
खालची वाडी म्हणते जैतू.
मोहल्ला म्हणतो जैबू.
एका खिळ्याचा फरक.

स्मरणिका आता ऑफसेटवर निघणार, रत्नागिरीला.
तरी तेवढी एक ओळ मी हाताने जुळवली,
चष्मा कपाळावर ढकलून.
जै लावला. मग थांबलो.
त आणि ब दोन्ही तळहातावर घेतले,
दोन्ही परत खणात टाकले,
आणि मधे कोरा खिळा बसवला.
कागदावर कोरं दिसतं ते,
पण आमच्याकडे कोरी जागासुद्धा शिशाचीच असते,
बोटांना तितकीच गार लागते.

यादी पाठवली. सगळ्यात वर ती अर्धी ओळ,
रावसाहेब पाचव्या पानावर.
संध्याकाळी फोन आला:
पेडणेकर, ह्या पहिल्या बाईंचा
फोटो मिळेल का?